लोणीच्या विखे पाटलांचें चरित्र : प्रचलित कथेचें परीक्षण

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत कालपरवां दिवंगत झालेल्या राजकीय पुढाऱ्याविषयीं लेख यावा, हें कांहीं वाचकांस रुचणार नाहीं. शके अठराशेंच्या अलीकडचा कागद दिसला कीं तो वर्तमानपत्रवाल्यांकडे लोटावा, अशी आपल्यांपैकीं पुष्कळांची वृत्ति आहे. परंतु जो काळ आपल्या डोळ्यांदेखत सरला त्याचे कागद पुढील पिढीस आपोआप मिळतील, हा भरंवसा कोणीं द्यावा? पेशव्यांचें दफ्तर सरकारांत जमा झालें म्हणून उरलें. गांवोगांवच्या सहकारी सोसायट्यांचें दफ्तर कोठेंच जमा होत नाहीं. म्हणून साक्षीदार हयात आहेत तोंवरच या काळाची छाननी सुरू झाली पाहिजे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

विषय घेतला आहे तो बाळासाहेब विखे पाटील यांच्या चरित्राचा. त्यांचा जन्म १० एप्रिल १९३२ रोजीं लोणी येथें झाला आणि ते ३० डिसेंबर २०१६ रोजीं वारले. चरित्र नव्यानें लिहावें हा येथें हेतु नाहीं. राहाता तालुक्यांत व एकंदर नगर जिल्ह्यांत त्यांच्याविषयीं व त्यांचे वडील विठ्ठलराव यांच्याविषयीं जी कथा रूढ झाली आहे, तिचीं कलमें एकेक घेऊन तपासावीं, एवढाच उद्देश आहे. मुळांत आधार नसेल तें लिहावयाचें नाहीं, अशी जी प्रतिज्ञा मल्लिनाथानें काव्याच्या टीकेपुरती केली, ती चरित्रकारानें तर अधिकच कसोशीनें पाळली पाहिजे.

१. कथा व तिचीं साधनें

स्मरणिका, शाळेंतील भाषणें, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या यांत ही कथा ठराविक क्रमानें येते. विठ्ठलराव हे अल्पशिक्षित शेतकरी. त्यांनीं एकट्याच्या जिद्दीवर आशिया खंडांतील पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. पुत्र बाळासाहेब यांनीं तें कार्य वाढविलें, आठ वेळां लोकसभा गांठली, केंद्रांत मंत्रिपद भूषविलें. पित्यास १९६१ सालीं पद्मश्री व पुत्रास २०१० सालीं पद्मभूषण मिळालें. विरोधकांची कथाहि याच सांगाड्यावर उभी आहे. ते फक्त विशेषणें बदलतात.

बाळासाहेबांचें आत्मचरित्र 'देह वेचावा कारणी' या नांवानें त्यांच्या पश्चात् १३ ऑक्टोबर २०२० रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें प्रकाशित झालें. आत्मचरित्राचा दर्जा साधन या दृष्टीनें कोणता, हें आधींच ठरवून ठेवावें. बखर ही दुसऱ्यानें मागाहून सांगितलेली हकीकत, तर आत्मचरित्र ही स्वतःची जबानी. यामुळें तें बखरीच्या वरचें खरें. पण साक्षीदार स्वतःच पक्षकार असला म्हणजे त्याची जबानी टाकूनहि द्यावयाची नसते व केवळ तिच्यावर निकालहि द्यावयाचा नसतो. तिला समकालीन कागदाचा दुजोरा लागतो. संसदेंतील छापील भाषणें, न्यायालयाचे निवाडे, कारखान्याचे वार्षिक अहवाल व सर्वसाधारण सभांचीं इतिवृत्तें हा तो कागद होय.

२. विठ्ठलरावांची जन्मतिथि

पहिलें कलम लहान आहे, पण कथेची घडण कशी होते तें त्यांत दिसतें. विठ्ठलरावांचा जन्म कांहीं ठिकाणीं १२ ऑगस्ट १८९७ असा, तर कांहीं ठिकाणीं २९ ऑगस्ट १९०१ असा छापलेला आढळतो. मृत्यूविषयीं वाद नाहीं. तो २७ एप्रिल १९८० रोजीं झाला. दोन जन्मतारखांत चार वर्षांचें अंतर पाहून एक कोणती तरी छापण्याची चूक असावी असें प्रथम वाटतें. परंतु पंचांगाशीं ताडून पाहतां दोन्ही दिवस श्रावणी पौर्णिमेला लागूनच येतात. जयंतीहि नारळी पौर्णिमेलाच साजरी होते.

यावरून उलगडा होतो तो असा. घरच्या आठवणींत तिथि पक्की होती, साल पक्कें नव्हतें. पुढें इंग्रजी तारीख हवी झाली तेव्हां एकानें एका सालाची व दुसऱ्यानें दुसऱ्या सालाची पौर्णिमा काढून दिली. त्या पिढीच्या शेतकरी घरांत हें नित्याचेंच होतें. यांत कोणाचा कमीपणा नाहीं. चरित्रकारानें मात्र तिथि निश्चित व साल संशयित असें स्पष्ट लिहावें; दोहोंपैकीं एक तारीख निवडून तिच्यावर खात्रीचा शिक्का मारूं नये.

३. 'आशियांतील पहिला' हें बिरुद

दुसरें कलम महत्त्वाचें. प्रवरानगरचा कारखाना १९४८ च्या अखेरीस नोंदला गेला व १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. तो आशियांतील पहिला सहकारी साखर कारखाना, हें वाक्य इतक्या वेळां छापलें गेलें आहे कीं तें तपासण्याची गरजच कोणास भासत नाहीं. मेंढरांच्या कळपास पुढच्या मेंढराची वाट पुरते. आमच्या न्यायशास्त्र्यांनीं याला गड्डरिकाप्रवाह असें नांव दिलें आहे. तीस वर्षें वर्गांत हेंच वाक्य मीं स्वतः मुलांकडून घोकून घेतलें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

वस्तुस्थिति अशी कीं, १९३२ सालीं साखरधंद्यास जकातीचें संरक्षण मिळाल्यावर १९३३ ते १९३५ या काळांत हिंदुस्थानांत चार सहकारी साखर कारखाने निघाले होते. तुम्मपाल, एटिकोप्पाक व वुय्यूर हे तीन तेव्हांच्या मद्रास इलाख्याच्या तेलुगु भागांत आणि बिसवां हा संयुक्त प्रांतांत. त्यांतील बहुतेक सहकारी स्वरूपांत टिकले नाहींत, परंतु एटिकोप्पाकचा टिकला. तेव्हां शब्दशः पाहतां प्रवरानगर आशियांतच काय, हिंदुस्थानांतहि पहिलें ठरत नाहीं.

मग प्रवरानगरचें श्रेय गेलें काय? मुळींच नाहीं. हा कारखाना महाराष्ट्रांत पहिला होता, ही गोष्ट निर्विवाद आहे. पण खरें श्रेय क्रमांकांत नाहीं, परिणामांत आहे. तेलुगु प्रांतांतील प्रयोगांमागें सरकारचें धोरण उभें राहिलें नाहीं, म्हणून ते एकाकी राहिले. प्रवरेच्या प्रयोगानंतर सरकारनें भागभांडवलांत वांटा घेण्याची रीत पडली, औद्योगिक अर्थ महामंडळासारख्या १९४८ सालीं निघालेल्या संस्थेकडून दीर्घ मुदतीचें कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली, आणि कोपरगांव, राहुरी, गणेशनगर, संजीवनी, अशोक अशी कारखान्यांची रांग याच टापूंत उभी राहिली. वडाचें झाड पहिलें लागलें कीं दुसरें, यापेक्षां त्याच्या पारंब्या कोठवर गेल्या हें पाहावयाचें असतें. खोट्या बिरुदानें खरें श्रेय झांकलें जातें, हा या कलमाचा निष्कर्ष.

४. 'एकट्याच्या जिद्दीवर'

तिसरें कलम विठ्ठलरावांच्या एकटेपणाचें. या टापूच्या इतिहासाचा आरंभ माणसापासून होत नाहीं, पाण्यापासून होतो. नांदूर मध्यमेश्वराहून निघालेले गोदावरीचे कालवे आणि १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणावरील प्रवरेचे कालवे यांनीं दुष्काळी मुलखांत ऊस आणला. उसामागून हरिगांव, टिळकनगर अशा ठिकाणीं खाजगी कारखाने आले. त्यांनीं शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानें घेतल्या. शेतकरी गुळाच्या भावावर व सावकाराच्या मर्जीवर राहिला. १९२३ सालीं लोणी बुद्रुक येथें विठ्ठलरावांनीं पतपेढी काढली ती या पार्श्वभूमीवर.

१९४५ सालीं बेलापूर येथें बागाईतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. गोदावरी व प्रवरा कालव्यांचे आर्थिक परिणाम या विषयावरील त्यांचा पाहणीग्रंथ १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे कारखाना नोंदला गेला त्याच वर्षीं. आरंभीचीं अनेक वर्षें कारखान्याचे अध्यक्ष गाडगीळ होते व विठ्ठलराव उपाध्यक्ष होते. मुंबई सरकारांत अर्थ व सहकार हीं खातीं वैकुंठभाई मेहता यांच्याकडे होतीं, आणि त्यांचा या प्रयोगास पाठिंबा होता.

ही माहिती गुप्त नाहीं. प्रवरानगरांत ती कोणीहि सांगेल. परंतु भाषणांतील कथेंत गाडगीळ हे मार्गदर्शक म्हणून एका वाक्यांत येतात आणि जातात. अध्यक्ष व मार्गदर्शक यांत मोठा भेद आहे. अध्यक्षाची सही कर्जाच्या कागदावर असते. कारखाना बुडाला असता तर जबाब त्यानें दिला असता. उलट, गाडगिळांचें चरित्र लिहिणारेहि कधीं कधीं असें लिहितात कीं जणूं पुण्याहून एक योजना आली व लोणीस उगवली. तेंहि खरें नव्हे. भाग विकत घेण्यासाठीं घरोघर फिरणें, ऊस खाजगी कारखान्यास न घालतां आपल्याच कारखान्यास घालण्यास शेतकऱ्यास राजी करणें, हीं कामें अर्थशास्त्रज्ञाच्या हातचीं नव्हतीं. पतपेढी चालवून ज्यानें लोकांचा पैसा परत केला होता त्याच्याच शब्दावर लोक दुसऱ्यांदा पैसा देणार. विद्या व विश्वास या दोहोंची गांठ पडली, हें या घटनेचें मर्म. एकाला वगळलें कीं घटना दुर्बोध होते.

५. आठ वेळां खासदार, तीन झेंडे

आतां बाळासाहेबांकडे वळूं. १९७१, १९७७, १९८०, १९८४ व १९८९ या पांच निवडणुकांत ते काँग्रेसतर्फे कोपरगांव मतदारसंघांतून निवडून आले. १९९१ सालीं अहमदनगर मतदारसंघांत अपक्ष उभे राहून पराभूत झाले. १९९८ सालीं त्याच अहमदनगरांतून व १९९९ सालीं कोपरगांवांतून शिवसेनेतर्फे विजयी झाले. अटलबिहारी वाजपेयी यांच्या मंत्रिमंडळांत १९९९ ते २००२ अर्थखात्याचे राज्यमंत्री आणि नंतर २००३ पर्यंत अवजड उद्योग खात्याचे मंत्री होते. २००४ सालीं पुन्हां काँग्रेसतर्फे कोपरगांवांतून निवडून आले. २००८ च्या पुनर्रचनेंत कोपरगांव हा लोकसभेचा मतदारसंघच नाहींसा झाला व त्याच्या बहुतेक भागावर शिर्डी हा राखीव मतदारसंघ आला.

या यादीचे दोन अर्थ लावले जातात. अनुयायी 'आठ वेळां' या आंकड्यावर थांबतात. विरोधक 'तीन झेंडे' यावर थांबतात. दोघेहि पुढाऱ्याचें चरित्र पक्षाच्या वहीवरून वाचतात, आणि म्हणून दोघांचेंहि वाचन अपुरें राहतें. झेंडे बदलले त्या काळांत काय बदललें नाहीं, हा प्रश्न इतिहासकारानें विचारला पाहिजे. १९६४ सालीं निघालेली प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था बदलली नाहीं. १९८४ सालीं लोणीस निघालेलें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय बदललें नाहीं. कारखाना बदलला नाहीं. आणि त्यांच्या भोंवतालचे सभासद, विद्यार्थी, रुग्ण, नोकर व त्यांचीं कुटुंबें हीं बदललीं नाहींत. उंबऱ्यावरचा दिवा घरांतहि उजेड देतो व अंगणांतहि. संस्थेचा उपयोग लोकांस होत होता व तोच निवडणुकींतहि होत होता; यांपैकीं एक खरें व दुसरें खोटें असें म्हणतां येत नाहीं.

जुन्या इतिहासाच्या अभ्यासकास येथें एक साम्य सुचल्यावांचून राहणार नाहीं. निजामशाही गेली, मोंगल आले, मराठे आले, इंग्रज आले. देशमुख-पाटलांनीं प्रत्येक वेळीं नव्या धन्याची सनद घेतली व वतन राखलें. धनी बदलणें हा त्यांच्या दृष्टीनें द्रोह नव्हता. वतन सुटणें हा होता. झेंड्यांची अदलाबदल या दृष्टीनें पाहिली म्हणजे ती चंचलपणा वाटत नाहीं, एका जागेस घट्ट धरून राहण्याची रीत वाटते.

मात्र साम्य येथेंच थांबवावें लागतें. वतन सनदेनें मिळे व वारसाहक्कानें चाले. सहकारी संस्थेचें अधिकारपद सभासदांच्या मतानें मिळतें. विठ्ठलराव, बाळासाहेब, त्यांचे पुत्र राधाकृष्ण आणि २०१९ ते २०२४ लोकसभेंत असलेले नातू सुजय, अशा चार पिढ्या सार्वजनिक पदांवर आल्या. तेव्हां हें मतांनीं नूतनीकरण होणारें वतन आहे, कीं लोकांनीं पुन्हां पुन्हां सोंपविलेलें विश्वस्तपण आहे, असा खडा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न शिवीनें सुटत नाहीं व स्तोत्रानेंहि सुटत नाहीं. तो सुटेल सभासदांच्या नोंदवह्यांनीं, उसाला दिलेल्या भावाच्या आंकड्यांनीं आणि निवडणूक झाली कीं बिनविरोध उरकली या नोंदीनीं. शेजारच्या कोपरगांव कारखान्याचा असा अभ्यास बाविस्कर यांनीं केला व त्यांचा ग्रंथ १९८० सालीं निघाला. सहकारी कारखाना हें राजकारणाचें अंगण कसें बनतें, हें त्यांनीं तेथेंच राहून पाहिलें. प्रवरेविषयीं त्या तोडीचें काम मराठींत व्हावयास हवें.

६. १९९१ ची निवडणूक : निवाडा हें साधन

१९९१ च्या निवडणुकीविषयीं गांवोगांव दोन आख्यानें चालतात. एक पक्ष म्हणतो, बाळासाहेब सर्वोच्च न्यायालयांत जिंकले. दुसरा म्हणतो, ते शेवटपर्यंत निवडून आलेच नाहींत. सुदैवानें येथें पहिल्या प्रतीचा कागद आहे. गडाख यशवंतराव कंकरराव विरुद्ध बाळासाहेब विखे पाटील या नांवानें निवाडा छापलेला आहे व तो नोव्हेंबर १९९३ चा आहे. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयीं प्रचारांत खोटें विधान केल्याच्या कारणावरून, म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाखालीं, विजयी उमेदवाराची निवड रद्द झाली व सर्वोच्च न्यायालयानें ती रद्दच ठेविली. परंतु पराभूत उमेदवारास त्या जागीं बसविलें नाहीं. १९९४ सालीं पोटनिवडणूक झाली.

म्हणजे दोन्ही आख्यानें अर्धीं खरीं आहेत, आणि अर्धें सत्य सांगण्यांत दोन्ही पक्ष सारखेच तरबेज आहेत. या निवाड्याचें मोल निकालापुरतें नाहीं. शपथेवरची साक्ष, उलटतपासणी, सभांचे वृत्तान्त, हें सर्व त्यांत चाळून निघालें आहे. शिवकालीन महजरास आपण जितकें महत्त्व देतों तितकें या निवाड्यास द्यावें. तालुक्याच्या राजकारणाची भाषा विसाव्या शतकाच्या अखेरीस कशी होती, याचा इतका पारखलेला पुरावा दुसरा नाहीं. असें असून प्रचलित चरित्रांत या प्रकरणास दोन ओळींहून अधिक जागा मिळत नाहीं.

७. कथेंत नसलेलीं प्रकरणें

जें सांगितलें आहे त्याच्या चुका काढणें सोपें. जें सांगितलेंच नाहीं त्याकडे बोट दाखविणें हें परीक्षकाचें खरें काम. तीन प्रकरणांचा निर्देश करतों.

पहिलें विजेचें. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था ही देशांतील आरंभीच्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांपैकीं एक. १९६९ सालीं तिची स्थापना झाली. सभासदांनीं आपली वीज आपण वांटावी, ही कल्पना कारखान्याइतकीच धीट होती. २०११ सालीं तिचें वीजवांटपाचें काम संपलें व तें राज्याच्या वीज वितरण कंपनीकडे गेलें. यशाच्या कथेंत स्थापनेचें वर्ष येतें, समाप्तीचें येत नाहीं. ज्या टापूनें साखरेंत सहकार टिकविला त्याच टापूंत विजेंतील सहकार चाळीस वर्षांनीं कां संपला, ही तुलना चरित्रकारास टाळतां येणार नाहीं.

दुसरें पाण्याचें. बाळासाहेबांनीं पाणी परिषद काढली आणि पश्चिमेकडे वाहून जाणारें पाणी गोदावरीच्या खोऱ्यांत वळवावें, हा आग्रह अखेरपर्यंत धरला. तो दूरदृष्टीचा होता हें मान्य केलें पाहिजे. परंतु निळवंडे धरणाची कल्पना निघाली १९७० सालीं, म्हणजे ते प्रथम खासदार होण्याच्या आदल्या वर्षीं. आणि त्याच्या डाव्या कालव्याचें उद्घाटन झालें ऑक्टोबर २०२३ मध्यें, त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांहून अधिक काळानें. एकशें ब्यायशीं गांवांसाठीं असलेली ही योजना. त्यांत राहाता तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यांतील गांवेंहि आहेत. या त्रेपन्न वर्षांचा दोष एका माणसावर टाकणें अन्यायाचें होईल, कारण कालव्यास सरकारें, पैसा, पुनर्वसन असे अनेक धनी असतात. पण बागाईत पट्ट्याचा पुढारी म्हणून ज्याचें चरित्र लिहावयाचें, त्याच्या चरित्रांत कोरड्या पट्ट्याचें प्रकरण नसणें हेंहि न्यायाचें नव्हे.

तिसरें ऊसतोडीचें. दर हंगामांत पाथर्डीकडून व बीड जिल्ह्यांतून टोळ्या येतात, मुकादमाची उचल फेडतात, कोप्यांत राहतात व उन्हाळ्यांत परत जातात. कारखान्याच्या यंत्राचें वर्णन चरित्रांत पानभर असतें. ज्याच्या कोयत्यावर तें यंत्र फिरतें तो सभासद नव्हे, म्हणून त्याचें नांव कोठेंच नसतें. सहकार कोणाकोणाचा होता व कोणाचा नव्हता, हें सांगितल्यावांचून सहकाराचा इतिहास पुरा होत नाहीं.

८. उपसंहार

परीक्षणाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. बिरुदें गळून पडलीं तरी या पितापुत्रांचें कर्तृत्व उणें होत नाहीं. उलट तें समजण्याजोगें होतें. कालवा, ऊस, पतपेढी, कारखाना, शाळा, दवाखाना व मतपेटी अशी ही सांखळी आहे, आणि तिच्यांतील एकेक कडी कागदानें जोडतां येण्यासारखी आहे. पक्षाच्या नांवांनीं ती जुळत नाहीं. स्तुतीनें तर तिच्यावर गंजच चढतो.

पण कागद राहिला पाहिजे. थोड्या वर्षांपूर्वीं याच भागांतील एका गांवच्या जुन्या सोसायटीचीं दफ्तरें इमारत बदलतांना रद्दींत वजनावर गेलीं. मी पोंचलों तेव्हां ठेला भरून निघून गेला होता. ओट्यावर एक फाटकी खतावणी पडली होती, तिच्यांत कर्जदारांचीं नांवें व अंगठे होते. ज्यांच्या विश्वासावर पुढचा सगळा डोलारा उभा राहिला त्या माणसांचा तेवढाच पुरावा त्या गांवांत उरला. आमच्या संस्थेनें प्राचीन सनदांसाठीं जी पायपीट केली तिचा दहावा हिस्सा जरी या खतावण्यांसाठीं केला, तरी पुढच्या चरित्रकारास बिरुदांवर निर्वाह करावा लागणार नाहीं. राहाता, कोपरगांव व श्रीरामपूर या तीन तालुक्यांतील जुन्या सोसायट्यांच्या दफ्तरांची नुसती यादी करण्यापासून आरंभ करावा, अशी सूचना सभासदांपुढें ठेवून हा लेख संपवितों.